लखनौची विखुरलेली चित्रे आणि संगणकीय संग्रह

नवाब असफउद्दौला यांनी १७७५ मध्ये अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला हलविली आणि पुढील काही दशके हे नगर चित्रकलेचे मोठे केंद्र ठरले. तेथे मिहरचंदासारखे देशी चित्रकार आणि योहान झोफानीसारखे युरोपीय चित्रकार एकाच काळात काम करीत होते. आज मात्र या कलेचा अभ्यास केवळ लखनौत बसून करता येत नाही. लोझानचा आंत्वान पोलिए हा अवधच्या सेवेतील अभियंता. त्याने जमविलेली अनेक चित्रे बेकफर्ड व हॅमिल्टन या घराण्यांकडून १८८२ मध्ये बर्लिनला गेली. झोफानीचे कोंबड्यांच्या झुंजीचे प्रसिद्ध चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे, तर पोलिए व त्याचे मित्र यांचे चित्र कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे.

ही विखुरलेली चित्रे एका बैठकीत पाहण्याची सोय संगणकीय संग्रहांमुळे झाली. भारतात पुण्याच्या सी-डॅक संस्थेने संग्रहालयांसाठी ‘जतन’ ही आज्ञावली तयार केली असून (नाव मराठी वाचकास सहज उमगेल असेच आहे) तिच्या आधारे सांस्कृतिक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अनेक संग्रहालयांतील वस्तू पाहता येतात.

अर्थशास्त्रीय दृष्टीने हा व्यवहार लक्षणीय आहे. चित्राचे उच्च दर्जाचे छायांकन, तज्ज्ञांकडून नोंद आणि साठवण यांचा प्रारंभिक खर्च मोठा असतो. परंतु नंतर आणखी एका प्रेक्षकाला ते दाखविण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. एकाने पाहिल्याने दुसऱ्याच्या वाट्याला चित्र कमी येत नाही. अशा वस्तूची किंमत सीमांत खर्चाइतकी ठेवल्यास स्थिर खर्च भरून निघत नाही, आणि जास्त ठेवल्यास विनाकारण प्रेक्षक वगळले जातात. म्हणूनच येथे सार्वजनिक खर्चाचे समर्थन होते. तथापि ही वस्तू संपूर्णपणे सार्वजनिक नव्हे. कमी स्पष्टतेची प्रतिमा देऊन किंवा शुल्क आकारून वगळणे शक्य असते आणि अनेक संस्था तसे करतात.

दुसरा प्रश्न हक्कांचा. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. लखनौच्या कलाविद्यालयाची (स्थापना १९११) धुरा १९२५ पासून सांभाळणारे असितकुमार हालदार १९६४ मध्ये निवर्तले. म्हणजे त्यांच्या चित्रांवरील हक्क २०२४ अखेर संपला. अठराव्या शतकातील चित्रांबाबत तर हा प्रश्नच उद्भवत नाही. मूळ वस्तूची मालकी व तिच्यावरील कॉपीराइट या भिन्न बाबी आहेत, हे परीक्षार्थींनी विशेष ध्यानात ठेवावे. वस्तू देशाबाहेर नेण्याचा प्रश्न आणखी वेगळा असून तो पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ खाली येतो. त्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी चित्रे पुरावस्तू ठरतात व त्यांची निर्यात खासगी व्यक्तीस करता येत नाही. हा कायदा होण्यापूर्वी कितीतरी दशके पोलिएची चित्रे बाहेर गेली होती.

पडद्याची मर्यादाही मोठी आहे. अवधमधील चित्रसंपुटाचे पान मुळातच मिश्र माध्यमाचे असते : मध्ये चित्र, कधी पाठीमागे सुलेखन, भोवती सोनेरी हाशिया, आणि हे सारे वेगवेगळ्या कागदांवर करून एकत्र चिकटविलेले. पडद्यावर ते एकसंध, सपाट दिसते. पुष्कळदा पाठीमागची बाजू दाखविलीच जात नाही. नोंदीत चित्रकार, स्थळ व माध्यम नमूद नसेल, तर शोधणाऱ्याला लखनौचे चित्र लखनौच्या नावाखाली सापडतही नाही.