पाटीवरचे नाव, कागदावरचा क्रमांक

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. बोईसर-तारापूर भागातल्या एका बँकशाखेत मी कर्जविभाग सांभाळत होतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत फिटर असलेले एक गृहस्थ समोर बसले होते. बेटेगावात त्यांना घर बांधायचे होते. सातबारा, पगाराचा दाखला, नकाशा, अंदाजपत्रक, सारे कागद त्यांनी नीट लावून आणले होते. नकाशाच्या कोपऱ्यात निळा गोल शिक्का होता: ‘आर्किटेक्ट अँड इंटिरियर डिझायनर’. शिक्क्यात नाव होते, पत्ता होता. नोंदणी क्रमांक मात्र नव्हता.

“यांचा क्रमांक?” मी विचारले.

“साहेब, ते आर्किटेक्टच आहेत. बाजारात बोर्ड आहे त्यांचा!”

दुसऱ्या दिवशी ते बोर्डवाले स्वतःच आले. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम केलेले आणि मुंबईतल्या एका कार्यालयात पंधरा वर्षे नकाशे काढलेले ते एक मवाळ गृहस्थ होते. त्यांचा नकाशा खरोखरच सुबक होता. पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस ध्यानात घेऊन त्यांनी खिडक्यांवर रुंद छज्जे दिले होते. “माझं काम वाईट आहे का साहेब, तेवढं सांगा,” ते म्हणाले. मला उत्तर देता आले नाही. पुढे एका परवानाधारक अभियंत्याने नकाशा तपासून सही केली आणि कर्ज मंजूर झाले. त्या गृहस्थांचा प्रश्न मात्र माझ्याजवळच राहिला.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर 1972 सालीच देऊन ठेवले आहे. त्या वर्षीच्या वास्तुविशारद अधिनियमाने ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर’ ही परिषद स्थापन केली आणि देशभरातल्या वास्तुविशारदांची नोंदवही सुरू झाली. ज्याचे नाव त्या वहीत नाही त्याने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावायची नाही, असे कलम 37 सांगते. मौज अशी की, जहाजांची रचना करणारे ‘नेव्हल आर्किटेक्ट’ आणि बागबगीचे आखणारे ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ यांना त्यातून वगळले आहे. इंटिरियर डिझायनरचे नाव तर या कायद्यात नाहीच. त्यांची संस्था 1972 पासून आहे. पण तिचे सभासदत्व ऐच्छिक. आज कोणीही उठावे आणि इंटिरियर डिझायनर म्हणून पाटी लावावी.

पण नाव राखून ठेवले म्हणजे कामही राखून ठेवले, असे नाही. विधेयकाच्या उद्देशपत्रिकेतच म्हटले होते की, हा कायदा उपाधीला संरक्षण देतो. अभियंते व इतर जाणकार आपापले काम करायला मोकळे आहेत, फक्त त्यांनी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू नये. नोएडा प्राधिकरणातल्या बढत्यांवरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 17 मार्च 2020 रोजी हाच अर्थ कायम केला. न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. अजय रस्तोगी यांच्या खंडपीठाने सांगितले की, नोंदणी नसलेल्यालाही वास्तुरचनेचे काम करता येईल. मात्र पदाच्या नावात ‘आर्किटेक्ट’ हा शब्द असेल तर तिथे नोंदणी नसलेला माणूस नेमता येणार नाही.

अनेक वास्तुविशारदांना हा कायदा अर्धामुर्धा वाटतो. 1961 च्या कायद्याने वकिली जशी फक्त वकिलांसाठी राखली, तशी वास्तुरचना आमच्यासाठी का राखली नाही, असे ते विचारतात. मला ते पटत नाही. पालघरच्या पाड्यांवर कुडाची घरे बांधणाऱ्या वारली माणसाने, गावातल्या गवंड्याने, त्या मवाळ ड्राफ्ट्समनने काय करावे? काम राखीव झाले असते तर गरिबाचे प्रत्येक घर बेकायदा ठरले असते.

मग नावाचा उपयोग काय? ते हिरावून घेता येते, हाच त्याचा उपयोग. नोंदलेल्या वास्तुविशारदाने गैरवर्तन केले तर परिषद चौकशी करून त्याला समज देऊ शकते, निलंबित करू शकते, वहीतून त्याचे नावच काढून टाकू शकते. बोर्डवाल्याकडून कोण काय काढून घेणार? त्याच्याकडे गमावण्यासारखे नावच नसते. त्याने चूक केली तर आपल्याला थेट पोलीस आणि कोर्ट. तो माणूस भला असेल, हुशार असेल. पण त्याच्या भलेपणावर भिस्त ठेवण्यावाचून आपल्या हाती दुसरे काही नसते. त्याच्या कामाला कायद्याची हरकत नाही. आपण कोणावर विसंबून आहोत हे घर बांधणाऱ्याला कळावे, एवढेच कायदा मागतो.

पण हे कळावे कसे? बिनानोंदणीची उपाधी मिरवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला दंड आहे जास्तीत जास्त 500 रुपये. 1972 साली ही रक्कम जाणवत असेल. आज तेवढ्यात नवा बोर्डही रंगवून मिळणार नाही. म्हणजे खरा पहारा ग्राहकानेच द्यायचा. 2017 पासून महारेराने मोठ्या प्रकल्पांत ती सोय केली आहे. ग्राहकांच्या पैशातला 70 टक्के हिस्सा वेगळ्या खात्यात राहतो आणि त्यातून रक्कम काढायला वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल अशा तिघांचे दाखले लागतात. एकटेदुकटे घर बांधणाऱ्याच्या पाठीशी मात्र असे कोणी नसते.

बेटेगाव आता पूर्वीचे राहिलेले नाही. 2009 साली टाटा हाउसिंगची ‘शुभगृह’ ही परवडणाऱ्या घरांची योजना इथेच जाहीर झाली. 2013 मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, 2014 मध्ये पालघर जिल्हा झाला. घरे वाढली, तशा पाट्याही वाढल्या. याच जिल्ह्यात विरारला ऑगस्ट 2025 मध्ये एक अनधिकृत इमारत कोसळून 17 माणसे गेली. कागद कोणी पाहिला नाही, की पाहूनही सोडून दिला, हा प्रश्न अशा प्रत्येक ढिगाऱ्यापाशी उभा राहतो.

मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीकार म्हणवून घ्यायला नोंदणी लागत नाही, आणि ते ठीकच आहे. कादंबरी फसली तर वाचक ती मिटून ठेवतो. फसलेल्या घरात मात्र तीस वर्षे राहायचे असते, आणि त्यातली वीस कर्जाचे हप्ते फेडत. म्हणून नकाशा हाती घेण्याआधी एवढेच विचारावे: “आपला नोंदणी क्रमांक?” तो सांगितला तर परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. “मी आर्किटेक्ट नाही, पण काम येतं,” असे उत्तर आले तर त्या माणसाला मान द्यावा आणि सहीसाठी जबाबदार अभियंता शोधावा. पण विचारल्याचा कोणाला राग आला, तर मुकाट्याने उठावे आणि नकाशा तिथेच ठेवून यावे.