एक्स-रेत न दिसणारी कळ

गुडघ्याच्या वाट्या बदलून वर्ष उलटते. जखम भरलेली असते, एक्स-रेत सांधा जागेवर असतो, तरी रात्री कळ येतेच. मग घरचेच म्हणतात, "आता हे मनाचे खेळ." असे ऐकणारे थोडेथोडके नाहीत. ब्रिटिश संशोधकांनी २०१२ साली अनेक पाहण्या एकत्र तपासल्या. गुडघेबदलानंतर दीर्घकाळ त्रासदायक वेदना राहणाऱ्यांचे प्रमाण त्यांत १० ते ३४ टक्के आढळले.

जंतुसंसर्ग किंवा सैल झालेला सांधा ही कारणे आधी तपासायलाच हवीत. पण तिथे काही सापडले नाही, तर?

देकार्तच्या मते वेदना घंटेच्या दोरीसारखी: पायाशी ओढ बसली की मेंदूत घंटा वाजते. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी हे चित्र बदलले. मज्जारज्जूत जणू एक दार असते आणि मेंदूही ते उघडतो-मिटतो, असे त्यांनी मांडले. झिजलेला सांधा वर्षानुवर्षे संदेश धाडत राहिला, तर ही यंत्रणाच हळवी होऊ शकते. मग साध्या स्पर्शानेही कळ उठते.

हे पाहण्याचे एक साधन म्हणजे फंक्शनल एमआरआय. ऑक्सिजन दिलेले आणि न दिलेले रक्त चुंबकीय क्षेत्रात वेगवेगळे वागते, हे सेइजी ओगावा यांनी १९९०च्या सुमारास दाखवले. त्यावरून मेंदूचा कोणता भाग कामाला लागला, याचा अंदाज बांधता येतो. साध्या एमआरआयवरून मेंदूची रचनाही मोजता येते. ऑक्सफर्डमध्ये खुब्याच्या संधिवाताच्या रुग्णांची अशी मोजणी झाली. त्यांच्या मेंदूतील थॅलॅमस या भागातला करडा द्रव्यांश कमी होता. खुबा बदलून वेदना शमल्यावर तो भरून आला, असे २०१०च्या अहवालात नोंदले आहे. अभ्यास खुब्याचा असला, तरी गुडघ्याच्या रुग्णालाही त्यात आशेला जागा आहे: वेदनेने मेंदूत घडलेला बदल कायमचा असतोच असे नाही.

मात्र हे निष्कर्ष गटाच्या सरासरीचे आहेत. एकट्या रुग्णाचे चित्र पाहून "याला दुखते" किंवा "हा सोंग करतो" असे ठरवता येत नाही. वेदना-अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१७ साली, विमा आणि न्यायालयीन दाव्यांच्या संदर्भात, नेमका हाच इशारा दिला. त्यामुळे कुणाला किती दुखते, हे कळायला आजही त्याला विचारावे लागते आणि तो सांगेल ते खरे मानूनच उपचार सुरू करावे लागतात.