आज किती पानं?

पहाटे ५.४५. उठल्यावर तासभर मी बोलत नाही. सासूबाईंना ते सवयीचं झालंय. त्या मानेनंच विचारतात, मी मानेनंच सांगते. रात्रीतून स्वरतंतू थोडे सुजलेले असतात, म्हणून सकाळचा आवाज जाड लागतो. ऐकायला छान, पण दहापर्यंत उतरतो. त्याच्या भरवशावर वाचलं तर पहिलं प्रकरण दुसऱ्याच बाईनं वाचल्यासारखं होतं.

६.४५. पातेल्यातल्या साध्या पाण्याची वाफ. निलगिरी नाही, बाम नाही. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना शिवतच नाही. ते पोटात जातं आणि ओल तिथवर पोचायला वेळ लागतो. म्हणून दहाच्या रेकॉर्डिंगचं पाणी मी पहाटेपासून पीत असते. माइकसमोरचा घोट फक्त तोंडापुरता.

८.००. पेल्यात चार बोटं पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि बुडबुडे काढत ‘ऊ’. खालून वर, वरून खाली. स्ट्रॉमुळे हवेचा दाब उलटा परततो आणि तंतू कमी जोरानं आपटतात. बाई बोलते तेव्हा ते सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकांवर येतात. तासाभराच्या वाचनात श्वास आणि विराम वगळले तरी हिशोब लाखांत जातो.

हा हिशोब मला उशिरा कळला. काही वर्षांपूर्वी एका कार्टूनच्या डबिंगला आधी किंकाळ्या घेतल्या, मग संवाद. सलग तीन दिवस. चौथ्या दिवशी तोंड उघडलं तर नुसती हवा. डॉक्टरांनी दुर्बिणीतून दाखवलं : दोन्ही तंतूंवर समोरासमोर दोन गाठी, तांदळाच्या कणीएवढ्या. व्हॉइस थेरपीनं त्या विरल्या, पण तीन महिने गेले, आणि आमच्या कामात आजारपणाची रजा नसते. तेव्हापासून ‘ओरडा शेवटी’ हे मी काम घेतानाच सांगते. नव्या मुलींनीही सांगावं, घाबरू नये.

९.३०. केळकर रस्त्यानं, केसरीवाड्यावरून चालत. फोन वाजला तरी घेत नाही. गाड्यांच्या गलक्यात माणूस नकळत आवाज चढवतो.

१० ते १. कादंबरी. बांगड्या घरीच ठेवलेल्या, अंगात सुती कुर्ता. “ताई, चटचट येतेय,” रेकॉर्डिस्ट दादा आतून सांगतात. मग हिरव्या सफरचंदाची फोड. चिकटलेली लाळ सुटते. घसा खवखवला तरी खाकरायचं नाही, आवंढा गिळायचा.

२.००. वरण-भात. मिसळ फक्त सुट्टीच्या दिवशी.

३ ते ५. मौन. कुजबुजसुद्धा नाही; त्यानंही घसा ताणला जातो.

७.००. गणपती जवळ आलेत, नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झालाय. खिडक्या लावल्या तरी ढोल घरात येतो. सासूबाईंना कमी ऐकू येतं. पूर्वी मी स्वयंपाकघरातूनच ओरडायचे. आता खुर्ची ओढून त्यांच्या उजव्या कानाशी बसते आणि खालच्या पट्टीत, सावकाश बोलते. उतारवयात बारीक, उंच आवाज आधी हरवतात. ओरडण्यापेक्षा हेच त्यांना नीट पोचतं.

९.३०. त्यांना पेपर वाचून दाखवायची वेळ. मी चष्मा लावते.

“आज किती पानं झाली गं?”

“अठ्ठावीस.”

त्या पेपर माझ्या हातातून घेतात, घडी घालतात आणि उशीखाली ठेवतात.