बेडसे लेण्याची वाट आणि सांडलेला कॅन

थंडी पडू लागली की आमच्या गटातली माणसे एकमेकांना विचारू लागतात, "यंदा कुठे चालायचे?" गट म्हणजे काही संस्था नव्हे. नोंदणी नाही, अध्यक्ष नाही, हारतुरे नाहीत. देहूरोडच्या विहारात रविवारी वंदनेला जमणारी दहा-बारा माणसे. कोणी डेपोतून निवृत्त झालेले, कोणी कंपनीत कंत्राटावर, दोघी अंगणवाडीच्या, शाळेतली चार पोरे, आणि जमाखर्चाची वही सांभाळायला आम्ही कारकून. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या दिवशी दरवर्षी आमच्याकडे मोठी गर्दी असते. ती ओसरली की जानेवारीतला एक रविवार आम्ही पायी फिरायला राखून ठेवतो.

नियम तीनच आहेत. डबा घरचा, कचरा परत पिशवीत आणि पाणी आपले आपण न्यायचे. रानात पाणी मिळेलच असे नाही, हे तिसऱ्या नियमाचे कारण आम्ही पोरांना सांगतो. खरे कारण जुन्या माणसांना ठाऊक आहे.

सहलीला निघालेल्या आपल्या माणसांचे पाण्यावाचून काय होते, हे खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. सन १९३४. सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. दाराजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय-तोंड धुतले आणि तेवढ्यावरून 'तळे बाटवले' म्हणून लोक अंगावर धावून आले. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर त्यांना आत सोडले, आणि पहाऱ्याला हत्यारी शिपाई दिला. परदेशातून मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेल्या माणसाची ही गत! तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांनी पाण्याचा कॅन सोबत बाळगला, यात नवल नाही.

यंदा बेडसे लेणी ठरली. लोणावळा लोकलने कामशेतला उतरायचे आणि पवनानगरच्या रस्त्याने चालत निघायचे. कार्ला-भाजे सर्वांना माहीत. बेडशाला गर्दी कमी. गाडीत आमच्या एका पोराने दहा लिटरचा कॅन बाकाखाली आडवा ठेवला. झाकण ढिले होते. वडगाव येईपर्यंत निम्मे पाणी डब्यात आणि उरलेले एका काकूंच्या चटईत. पोरावर ओरडून झाले, पण ओरडण्याने कॅन भरत नाही.

कामशेतहून निघालो तेव्हा धुके होते. भातकापणी होऊन गेलेली, खाचरांत नुसते खुंट उरलेले, पेंढ्यांच्या गंजी रचून ठेवलेल्या. कुठे हरभरा, कुठे वाटाणा. डोंगरावरचे गवत वाळून पिवळे पडले होते. आमच्यात पासष्टी ओलांडलेल्या एक आजी आहेत, मूळच्या मराठवाड्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात लहानपणी खडी फोडायच्या कामावर गेलेल्या. त्या मध्येच थांबून म्हणाल्या, "आजवर लई चालले बाबा, पण डोक्यावर काही न्हाई आन् हातात काही न्हाई, असं चालायचं माझ्या वाट्याला कवा आलं नव्हतं." मग स्वतःशीच हसल्या आणि नातीच्या पाठीवरची पिशवी मागून घेतली. म्हणाल्या, मोकळ्या हाताने चाल बसत नाही.

ऊन चढले तशी पोरांना तहान लागली. बाटल्या संपल्या. लेण्याच्या पायथ्याच्या अलीकडे एक घर दिसले, ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ वाटाणे सोलीत बसलेले. पाणी मागितले. "बसा की," म्हणाले. मग नेहमीचा प्रश्न आला, "पाहुणे कुठले?" देहूरोडचे. "आडनाव काय म्हणायचं?"

इथे आम्ही कबूल करतो. आम्ही वीस वर्षे जयंती मंडळात आहोत. स्टेजवर उभे राहून कितीदा स्वाभिमानाची भाषणे ठोकली आहेत. पण त्या ओट्यापुढे, कोरड्या घशाने, आमच्या तोंडात "आम्ही आपले नोकरदार मंडळी" असे गुळमुळीत उत्तर तयार झाले होते. ते बाहेर पडण्याआधीच कॅन सांडणाऱ्या पोराने आपले आडनाव ठणठणीत सांगितले आणि वर म्हणाला, "बौद्ध आहोत. आमची लेणी बघायला चाललोय."

म्हातारबाबा काही बोलले नाहीत. वाटाणे सोलीत राहिले. तेवढ्यात आतून त्यांची सून भरलेली कळशी आणि दोन फुलपात्री घेऊन आली. तिने ऐकले होते की नाही, कोण जाणे. पोरांनी भांडी घेतली आणि घटाघट पाणी प्यायली. आजी मात्र ओट्याखाली उकिडव्या बसल्या आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. "आजी, भांडं घ्या की," सून म्हणाली. "ऱ्हाऊ दे बाई," म्हणत आजी ओंजळीनेच प्यायल्या. सुनेने वरून धार धरली.

पुढे वाटेत नवव्या इयत्तेतल्या नातीने विचारलेच. "भांडं समोर होतं, मग ओंजळ कशाला?" आजी म्हणाल्या, "हात आधी पुढं गेलं. भांडं मागनं दिसलं."

त्यानंतर लेण्यापर्यंत पायऱ्या चढताना कोणी फारसे बोलले नाही.

बेडशाचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. कातळातल्या अरुंद वाटेने आत शिरले की एकदम उंच खांब समोर येतात. त्यांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. लेणे पूर्वाभिमुख, म्हणून सकाळी लवकर पोहोचावे. आत अष्टकोनी खांबांच्या रांगा आणि शेवटी स्तूप. स्तूपासमोर आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. आवाज घुमतो, म्हणून हळूच. शेजारच्या विहाराचे छत कमानदार आणि मागची भिंत अर्धगोल. असा विहार क्वचितच दिसतो.

पण आमची पावले थबकली ती शिलालेखांपाशी. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्पणक याने इथे दान दिले. रानात राहून भिक्षेवर जगणाऱ्या गोभूती नावाच्या भिक्खूसाठी त्याच्या शिष्याने छोटा स्तूप उभारला. आणि पाण्याच्या टाक्यावरचा ब्राह्मी लेख सांगतो, की हे दान महाभोजाची कन्या, महारठिनी सामडिनिका हिचे. एका बाईने खोदवून दिलेले पाणी! कोणी प्यावे आणि कोणी पिऊ नये, असे त्या लेखात काहीही नाही.

आम्ही हे वाचून सांगत होतो तेव्हा आजी टाक्याच्या काठाशी बसल्या होत्या. पाणी हिरवट, पिण्याजोगे नव्हते. त्यांनी नुसते बोट बुडवून पाहिले. "गार हाय," म्हणाल्या.

परतताना त्याच घरावरून आलो. म्हातारबाबा ओट्यावर नव्हते. सुनेने पोरांच्या ओंजळीत वाटाण्याच्या शेंगा घातल्या आणि आमचा रिकामा कॅन स्वतःहून भरून दिला. आजींनी या वेळी फुलपात्र मागून घेतले. अर्धेच प्यायल्या. तहान नव्हती म्हणाल्या.

पुढची फेरी बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांची ठरते आहे. तिथे कल्याणच्या एका लोहाराने वाट दान दिल्याचा लेख आहे. ती वाट पोरांना पाहायची आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात भेटावे. डबा घरचा आणावा. कॅन नवीन घेतला आहे, झाकण आम्ही स्वतः तपासू.