पद्मिनीचा मूळ रंग कोणता?

मुरुडला आमच्या आजोळी पत्र्याच्या शेडमध्ये एक प्रीमियर पद्मिनी बरीच वर्षं उभी होती. आजोबांनी १९८१ साली घेतलेली. आजोबा आता नाहीत. मागच्या उन्हाळ्यात मामांनी गाडी चालू करायचं मनावर घेतलं आणि घरात 'इंजिनेर' मी एकटाच, म्हणून रंगाचं काम माझ्या गळ्यात पडलं. गाडी होती मरून. पण तो रंग मागाहून मारलेला. "पहिला रंग येगळाच होता," मामा म्हणाले, "राखाडी बघ." आजी म्हणाली, "निळी होती, मला काय सांगतोस!" जुना फोटो काढला तर तो कृष्णधवल. आरसी बुकात नुसतं 'ग्रे'. ग्रे म्हणजे नेमका कोणता?

मी हौसेनं पॉलिश पेपर घेतला आणि दोन दिवसांत सगळी बॉडी पत्र्यापर्यंत घासून काढली. ही माझी घोडचूक!

का, ते सांगतो. कारखान्यात पत्रा धुऊन त्यावर आधी फॉस्फेटचा थर देतात, मग गंज रोखणारा प्रायमर आणि त्यावर रंग. हे सगळे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. नंतरचे रंग यावरच चढतात. म्हणजे जुन्या गाडीचा रंग हा कांद्याच्या पापुद्र्यांसारखा असतो. रुपयाच्या नाण्याएवढी एकच जागा बारीक ओल्या पेपरनं तिरकी घासली की कडेला एकेक थर गोल रिंगणासारखा दिसतो. सगळ्यात आतलं रिंगण प्रायमरचं, त्याच्या लगतचं मूळ रंगाचं. मी मात्र अख्खा कांदाच सोलून फेकला होता.

रंगाची एवढी नोंद ठेवतं कोण? अमेरिकेतल्या मसल कारवाल्यांना विचारा. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत दांडगं व्ही-८ इंजिन. १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून तिची लाट आली असं मानतात. १९७० च्या सुमारास क्रायस्लर कंपनीनं अशा गाड्यांना भडक रंग दिले. डॉजवरचा जांभळा 'प्लम क्रेझी', तोच रंग प्लिमथवर 'इन-व्हायोलेट'. डॉजचा नारिंगी 'गो मँगो', प्लिमथकडे त्याचं नाव 'व्हिटॅमिन सी'! नावं दोन, पण कारखान्याचा कोड एकच. जांभळ्याचा कोड एफसी७. बॉनेटखाली मडगार्डच्या आतल्या बाजूला छोटी पट्टी असते, तिच्यावर तो ठोकलेला असतो. गाडीवर आज लाल रंग असो की काळा, पट्टी खरं बोलते. म्हणूनच पट्टीशी जुळणाऱ्या रंगाच्या गाडीला तिथं मान जास्त.

या कंपनीचं आपल्याशी जुनं नातं आहे बरं का. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्याच डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जायच्या. फियाट नंतर आली आणि तिचीच पुढे पद्मिनी झाली. गॅरेजवाले आजही 'ड्युको मारू का?' म्हणतात, तो शब्दही अमेरिकेचाच. ड्युपॉन्ट कंपनीचा ड्युको हा लॅकर १९२३ साली मोटारींवर आला. लॅकरमधलं थिनर उडून गेलं की रंग वाळतो. त्यामुळे पूर्वी रंगकामाला लागणारे कित्येक दिवस काही तासांवर आले आणि गाड्यांना हवे ते रंग देणं परवडू लागलं. इनॅमलचं तसं नाही. ते भट्टीत भाजलं की रासायनिक क्रिया होऊन कडक होतं.

असो. आमच्या पद्मिनीवर रंगाची पट्टी काही मला सापडली नाही. तोंड पाडून डिकी साफ करत होतो. "काय शोधलालास रे?" मामांनी विचारलं. तेवढ्यात स्टेपनी उचलली आणि खाली तळहाताएवढी जागा दिसली, पेपर न लागलेली. मरून रंगाचा फवाराही तिथं पोचला नव्हता. आणि मुख्य म्हणजे ऊन पोचलं नव्हतं. आपल्याकडचं ऊन रंगातली रंगद्रव्यं फिकी करतं, म्हणून मूळ रंग नेहमी सावलीतच शोधावा.

लातूरला कॉम्प्युटर मिक्सिंगवाल्याला डिकीजवळ नेऊन ती जागा दाखवली. त्यानं आधी ती स्वच्छ पुसली, मग यंत्र टेकवलं. कोणत्या लांबीचा प्रकाश किती परत येतो हे यंत्र मोजतं आणि त्यावरून रंगांचं प्रमाण काढतं. नमुन्याचा पत्रा शेडमध्ये धरला तर राखाडी, अंगणात आणला तर निळसर. मामाही बरोबर, आजीही बरोबर!

तेव्हा घरची जुनी स्कूटर, जीप, काहीही रंगवणार असाल तर आधी सीटखाली, रबराखाली, स्टेपनीखाली बघा. एक जागा न घासता ठेवा. रंग बदलणारच असाल तर आरटीओत नोंद करून आरसीवरही बदलून घ्या.

गाडी आता अंगणात उभी आहे. आजीनं बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हां, हीच." डिकीतली ती तळहाताएवढी जागा आम्ही तशीच ठेवली आहे. तिथं आजोबांच्या वेळचा रंग आहे.