छपराखालचें उड्डाण

बालाघाटच्या पठारावर आज पवनचक्क्या फिरतात. बीड जिल्ह्यांतील वाऱ्याचा याहून वेगळा दाखला नको. पण जो वारा चक्कीला वरदान, तोच पांच ग्रॅम वजनाच्या विमानाला शाप ठरतो. म्हणून इंजिन नसलेलीं, केवळ हातानें फेंकावयाचीं हीं ग्लायडरें बंद छपराखालींच उडवितात. रूमानियांतील स्लानिकची मिठाची खाण आणि एके काळीं हवाई जहाजांसाठीं बांधलेल्या इंग्लंडांतील कार्डिंग्टनच्या अवाढव्य शेडी या छंदाच्या लोकांना तीर्थक्षेत्रांसारख्या वाटतात. आपण खाण कोठून आणावी? हंगाम संपल्यावर रिकामी पडलेली जिनिंगची शेड मात्र मिळूं शकते.

सामन्याचा हेतु वरवर फार सोपा आहे: विमानानें अधिकांत अधिक वेळ हवेंत राहावें. आतां हिशेब पाहा. विमान साडेसात मीटरांवर पोंचलें आणि सेकंदाला 30 सेंटिमीटर खालीं येऊं लागलें, तर तें 25 सेकंद तरंगेल. तेवढ्याच पंखांवर वजन दुप्पट केलें, कीं उतरण्याचा वेग सुमारें 1.4 पट होतो व वेळ 18 सेकंदांच्या आंत येतो. यासाठींच दक्षिण अमेरिकेंतील बाल्साचें, पाण्याच्या सुमारें दशांश वजनाचें निवडक लांकूड शोधतात. आपल्याकडील बाशिंगाचें भेंड हलकें खरें, पण त्याला लांकडाच्या रेषांचा ताठपणा नाहीं. गणपतीच्या मखराचें थर्माकोल शिकाऊ हाताला पुरतें, सामन्याला नव्हे.

खरी मेख फेंकण्यांत आहे. एवढेसें विमान सेकंदाला दोन मीटर वेगानें तरंगतें. परंतु छपरापर्यंत चढावयाचें, तर हातांतून सुटतांना वेग निदान बारा मीटर हवा. वेग सहापट झाला कीं उचल छत्तीसपट होते! मग विमान कोलांटी घेऊन फेंकणाऱ्याच्या डोक्यावर येतें, नाहीं तर पंख मुळाशीं मोडतो. म्हणून पंखाची मागची कड कागदासारखी पातळ घासावी, म्हणजे वेगांत ती वर वाकून उचल कमी करते आणि वेग ओसरतांच पूर्ववत् होते. उजव्या हाताचा मनुष्य विमान बहुधा उजवीकडे कलतें फेंकतो. माथ्यावर त्यानें डावीकडे वळून अलगद आडवें व्हावें. तेथें तें अडखळलें व दोन मीटर कोसळलें, कीं जवळजवळ सात सेकंद गेलेच म्हणून समजा. शेपटीच्या केसभर वळणावर हें सारें अवलंबून असतें, आणि तें वळण पुस्तकांत सांपडत नाहीं. शंभर वेळां फेंकावें लागतें.

वेळ पहांटेची धरावी. उन्हाळ्यांत पत्रा तापला, कीं दारांच्या फटींतून झुळका सुरू होतात. अशाच एका शेडींत माझें सर्वोत्तम विमान चौथ्या फेंकीला छपराच्या कैचीवर जाऊन बसलें. पारवे उडाले, विमान नाहीं. लांब बांबूनें तें काढलें, तेव्हां पंख शाबूत होता. त्या आनंदांत मीं तो आणखी थोडा घासला, आणि पांचव्या फेंकीला तो मुळाशींच मोडला.