ब्रिटिश पबची एल आणि चवीचा भूगोल

ब्रिटनमधील पबमध्ये, म्हणजे वस्तीच्या रोजच्या बैठकीचे ठिकाण ठरलेल्या मद्यगृहात, जुना गिऱ्हाईक नुसती ‘बिअर’ सहसा मागत नाही. तो बिटर मागतो, माइल्ड मागतो, किंवा थेट एखाद्या ब्रुअरीचे नाव घेतो, आणि ती त्या दिवशी नसेल तर दुसरी कोणती चालेल याचाही त्याचा विचार झालेला असतो. या निवडीला वैयक्तिक आवड म्हटले जाते, परंतु तिचा उलगडा करू गेल्यास तिच्यात त्या माणसाच्या जिभेइतकाच त्याच्या गावच्या विहिरीच्या पाण्याचा, पबच्या तळघरातील तापमानाचा आणि पिंप उघडून किती दिवस झाले या हिशेबाचा वाटा असल्याचे दिसून येते.

सातूला मोड आणून, ते भट्टीत वाळवून किंवा भाजून जे धान्य तयार होते त्याला माल्ट म्हणतात. माल्ट भरडून गरम पाण्यात भिजवले की त्यातील पिष्टाची साखर होते; हा गोड द्राव हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांसह उकळला जातो, त्या फुलांतून कडूपणा आणि सुगंध उतरतो, आणि द्राव निवल्यावर त्यात यीस्ट घालून तो आंबवला जातो. हे आंबवणे साधारण खोलीच्या तापमानाच्या आसपास, थोड्या दिवसांत होत असेल तर तयार होणारे पेय एल; थंडाव्यात सावकाश आंबवून नंतर बराच काळ थंड साठवले तर ते लागर. जगभर, आणि आता ब्रिटनमध्येही, सर्वाधिक खपते ती लागर. मात्र एलमध्येही ‘रिअल एल’ हा एक वेगळा वर्ग आहे. ही एल गाळून स्वच्छ केलेली नसते, उष्णता देऊन तिच्यातील यीस्ट मारलेले नसते, आणि पेल्यात येताना तिच्यामागे बाहेरच्या कार्बन डायऑक्साइडचा दाब नसतो; ज्या पिंपातून ती वाढली जाते त्याच पिंपात तिचे दुसरे, मंद आंबणे चालू राहते आणि तिच्यातील हलका वायू त्यातूनच येतो. कोकणात सकाळी उतरवलेली माडी दुपारपर्यंत वेगळी लागते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना जिवंत पेयाची चव घड्याळाशी बांधलेली असते हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

या जिवंतपणामुळे रिअल एल ब्रुअरीतून बाहेर पडते तेव्हा अर्धवट तयार असते आणि तिचे उरलेले काम पबच्या तळघरात व्हावे लागते. पिंप आडवे ठेवून, हलणार नाही असे टेकवून, त्याच्या पोटावरील बुचात लाकडाची सच्छिद्र खुंटी ठोकली जाते, जेणेकरून जादा वायू हळूहळू निघून जावा. तो पुरेसा निघाला की सच्छिद्र खुंटी काढून घट्ट लाकडाची खुंटी बसवतात, म्हणजे उरलेला वायू आत टिकतो. यीस्ट तळाशी बसावे म्हणून परंपरेने माशाच्या वाताशयापासून केलेला एक पदार्थ त्यात घातलेला असतो. अलीकडे काही ब्रुअरी तो वगळतात आणि त्यांची एल किंचित गढूळ दिसते, ज्यावर जुने गिऱ्हाईक अजूनही नाक मुरडतात. तळघराचे तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस असावे असा संकेत आहे. ब्रिटिश लोक कोमट बिअर पितात ही जगभर पसरलेली समजूत येथूनच निघाली आहे; प्रत्यक्षात हे तापमान कोमट नसून गार असते, फक्त बर्फाळ नसते, आणि ते तसे असण्याला कारण आहे. फार थंड पेयाने जीभ बधिर होते आणि माल्टचा बिस्किटासारखा गोडवा किंवा यीस्टने दिलेला फळांचा वास कळेनासा होतो.

पिंप उघडून एल काढायला सुरुवात झाली की तिची जागा हवा घेते, आणि हवेतील प्राणवायू पहिल्या दिवशी चवीला थोडी गोलाई देत असला तरी तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत तीच एल मिळमिळीत आणि नंतर आंबट करून टाकतो. नेहमीच्या लहान पिंपात ९ गॅलन, म्हणजे सुमारे ४१ लिटर एल मावते; ५६८ मिलिलिटरचा एक पाइंट या हिशेबाने ते ७२ पाइंट होतात, आणि तळाचा गाळ वजा जाता ७०च्या आसपास विकता येतात. तीन दिवसांत एवढे पाइंट खपणार नसतील तर पबमालकाने ती एल ठेवू नये, हा साधा व्यवहार आहे. एखाद्याला अमुक ब्रुअरीची एल मुळीच आवडत नाही असे जेव्हा ऐकू येते, तेव्हा पुष्कळदा त्याने ती सुस्त पबमध्ये पाचव्या दिवशी चाखलेली असते. दहा-दहा हँडपंप मिरवणाऱ्या पबपेक्षा दोनच पंप सतत चालू असलेला पब अधिक भरवशाचा असतो, हे मत जाणकारांमध्ये रूढ आहे आणि ते रास्तही आहे.

हँडपंप हे या पबचे ओळखचिन्ह. तळघरातील एल वर ओढण्यासाठी काउंटरवर उभा केलेला हा लांब दांड्याचा पंप. जोसेफ ब्रामा या संशोधकाने अशा यंत्राचे एकस्व १७९७ मध्ये घेतले. याच पंपाच्या तोंडाशी इंग्लंडच्या उत्तर आणि दक्षिण भागांतला एक जुना, गंभीर मतभेद बसलेला आहे. उत्तरेत, विशेषतः यॉर्कशरमध्ये, पंपाच्या चोचीला बारीक छिद्रांची एक टोपी लावतात, तिला स्पार्कलर म्हणतात. एल त्या छिद्रांतून जोराने जाते, तिच्यातला वायू सुटून दाट सायीसारखा फेस जमतो, पोत मऊ होतो आणि कडूपणाचा काही भाग फेसात अडकतो. दक्षिणेकडील पिणाऱ्याला हा फेस म्हणजे पाइंटमधली तूट वाटते, शिवाय वायू निघून गेल्याने एल निस्तेज झाली असे त्याचे म्हणणे असते. दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर आहेत, कारण उत्तरेतील ब्रुअरी आपली एल स्पार्कलर गृहीत धरूनच घडवतात; कीथली येथील टिमथी टेलर ब्रुअरीची ‘लँडलॉर्ड’ फेसाखाली जशी उलगडते तशी टोपीविना उलगडत नाही, तर ससेक्समधील लुईस गावच्या हार्वीज ब्रुअरीची ‘बेस्ट’ टोपी लावून ओतली तर तिची कोरडी धार बोथट होते. स्कॉटलंडची रीत आणखी वेगळी होती: तेथे हवेच्या दाबाने चालणाऱ्या उंच नळांतून एल वाढत, आणि तिचे प्रकार ६० शिलिंग, ७० शिलिंग, ८० शिलिंग अशा जुन्या किमतींवरून ओळखत.

पाण्याचा प्रभाव याहून खोल आहे. ट्रेंट नदीकाठच्या बर्टन गावातील विहिरींचे पाणी जिप्समच्या थरांतून झिरपत येते, त्यामुळे त्यात कॅल्शियम सल्फेट भरपूर असते. अशा पाण्यात हॉप्सचा कडूपणा स्वच्छ आणि कोरडा उतरतो, आणि ताज्या पाइंटला कधी कधी काडी पेटवल्यासारखा क्षणिक गंधकाचा वास येतो, जो बर्टनच्या एलचे चाहते मुद्दाम शोधतात. लंडनचे पाणी याच्या उलट कार्बोनेटयुक्त, गडद भाजलेल्या माल्टला अनुकूल. म्हणून अठराव्या शतकात लंडनने पोर्टर ही काळपट बिअर घडवली, तर फिकट एलचे साम्राज्य एकोणिसाव्या शतकात बर्टनने उभारले. बर्टनच्याच बास कंपनीच्या एलवरील लाल त्रिकोण हे ब्रिटनमध्ये १८७६ साली नोंदवले गेलेले पहिले व्यापारचिन्ह, आणि ते एदुआर माने या चित्रकाराच्या फोली-बर्जेर येथील मद्यगृहाच्या १८८२ सालच्या चित्रात बाटल्यांवर ओळखता येते.

या बर्टनच्या वैभवाचा एक धागा मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या बंदरांशी जोडलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून लंडनच्या बो भागातील हॉजसन यांच्या ब्रुअरीची फिकट एल हिंदुस्थानातील गोऱ्यांसाठी येत असे. १८२०च्या दशकात बर्टनचे उत्पादक या व्यापारात उतरले आणि त्यांनी हॉजसनला मागे टाकले. लांब प्रवासासाठी हॉजसनने ही एल खास शोधून काढली, ही कथा लोकप्रिय असली तरी खरी नाही; भरपूर हॉप्स घातलेली फिकट बिअर इंग्लंडात आधीपासून होत होती, आणि समुद्रप्रवासाच्या हेलकाव्यांनी व उष्णतेने ती चांगली मुरत असे एवढेच. इंडिया पेल एल हे नाव मात्र टिकले, आणि विसाव्या शतकात ग्रीन किंगसारख्या ब्रुअरीने ते चार टक्क्यांहूनही कमी मद्यार्काच्या सौम्य बिटरला लावले.

बिटर हा पबमधील एलचा कणा. तांबूस ते तपकिरी रंग, साडेतीन ते साडेचार टक्क्यांच्या आसपास मद्यार्क, माल्टचा गोडवा आणि हॉप्सचा कडूपणा यांचा तोल, हे त्याचे स्वरूप. माल्टसाठी अनेक ब्रुअरी १९६०च्या दशकात प्रचारात आलेल्या मॅरिस ऑटर या सातूच्या वाणाचा आग्रह धरतात, तर टिमथी टेलर गोल्डन प्रॉमिस हे स्कॉटलंडमध्ये रुजलेले वाण वापरते. हॉप्समध्ये केंटचे गोल्डिंग्ज आणि फगल ही जुनी नावे: मातीचा, वाळल्या गवताचा, किंचित मधाचा वास. यीस्ट तर ब्रुअरीगणिक वेगळे, आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेले. लंडनच्या फुलर्सच्या एलमध्ये संत्र्याच्या मुरंब्याची जी आठवण येते ती मोठ्या प्रमाणात यीस्टची करणी आहे. ‘लँडलॉर्ड’ला ब्रिटनमधील सर्वोत्तम बिअरचा किताब चारदा मिळाला, आणि ती पाचसहा टक्क्यांची दणकट बिअर नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मद्यार्क वाढवला की चव भरणे सोपे होते. पावणेचार टक्क्यांत चव भरणे हे ब्रुअरचे खरे कसब, आणि ब्रिटिश बिअरपरंपरेची सर्वांत मोठी कमाई तीच आहे. दोन-तीन पाइंटपर्यंत गप्पा चालाव्यात आणि डोके ठिकाणावर राहावे, या सामाजिक गरजेतून हे कसब घडले.

माइल्डच्या वाट्याला मात्र उतरती कळा आली. कमी हॉप्स, गडद रंग, जळक्या साखरेची आणि मनुकांची छटा असलेली ही स्वस्त एल कारखान्यांतील आणि खाणींतील मजुरांची. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांपर्यंत तीच सर्वाधिक प्यायली जाई. जड उद्योग ओसरले, तरुणांना ती आजोबांची बिअर वाटू लागली, आणि ती बहुतेक भागांतून दिसेनाशी झाली. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेचा ब्लॅक कंट्री हा औद्योगिक पट्टा याला अपवाद ठरला. तेथे बॅथम्स ब्रुअरीची माइल्ड अजून मिळते, आणि सेजली गावच्या बीकन हॉटेलमागील छोट्या ब्रुअरीत सारा ह्यूज यांच्या नावाची ६ टक्क्यांची गर्द माणकी माइल्ड, जी १९८७ मध्ये त्यांच्या नातवाने पुन्हा सुरू केली. याच पट्ट्यात, स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमिच येथे, पंजाबी स्थलांतरितांनी चालवलेले ‘देसी पब’ आहेत. गोऱ्यांच्या पबमध्ये ज्यांना मज्जाव होता त्या ओतशाळेतील कामगारांनी ही जागा मिळवली, आणि आज तेथे शेगडीवरचे मांस आणि पाइंट एकाच टेबलावर येतात.

ही सगळी विविधता १९६०च्या दशकात जवळपास संपली होती. सहा मोठ्या कंपन्यांनी ब्रुअरी आणि त्यांना बांधलेले पब गिळत नेले, आणि गाळलेली, उष्णता दिलेली, वायूच्या दाबाने चालणारी केग बिअर पुढे केली, जिचे वॉटनीची ‘रेड बॅरल’ हे कुप्रसिद्ध उदाहरण. केगला तळघरात कौशल्य लागत नाही, ती नासत नाही, आणि सगळीकडे सारखी लागते. कंपनीच्या हिशेबात हे तिन्ही गुण होते. त्याविरुद्ध १९७१ मध्ये चार तरुणांनी सुरू केलेली ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’, म्हणजेच कॅमरा, ही संस्था ब्रिटनमधील ग्राहक चळवळींपैकी सर्वांत यशस्वी चळवळींत गणली जाते. ती नसती तर बिटर आज संग्रहालयात पाहावी लागली असती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. पुढे २००२ मध्ये छोट्या ब्रुअरींना बिअरकरात सवलत मिळाली आणि त्यांची संख्या झपाट्याने वाढली.

या चळवळीनंतर आवडींची नवी फाळणीही झाली. सॉमरसेटच्या एक्समूर ब्रुअरीने १९८६ मध्ये ‘एक्समूर गोल्ड’ काढली आणि सोनेरी, लागरइतक्या फिकट एलचा मार्ग खुला झाला. त्यापाठोपाठ अमेरिकी आणि न्यूझीलंडच्या हॉप्सचा लिंबूवर्गीय, आंब्यासारखा वास आला. तपकिरी बिटरच्या पिणाऱ्यांना तो भडक वाटतो, तरुणांना तपकिरी बिटर मचूळ वाटते. नव्या हॉप्सची मोहिनी खरी आहे, पण पहिल्या घोटात सगळे सांगून टाकणारी एल तिसऱ्या घोटाला थकवते, आणि जुन्या बिटरचा संयम तिथे अधिक टिकाऊ ठरतो.

ज्याला आपली आवड ठरवायची आहे त्याच्यासाठी पबमध्ये एक चांगली रीत आहे: काउंटरवरचा माणूस मागितल्यास घोटभर एल चाखायला देतो, आणि अर्धा किंवा तृतीयांश पाइंटही कायदेशीर माप आहे. एल आंबट लागली तर संकोच न करता परत करावी. चांगला पबमालक ती वास घेऊन पाहतो आणि बदलून देतो. खपाचा प्रश्न मात्र कठीण झाला आहे, कारण गिऱ्हाईक लागरकडे वळले की पिंप रेंगाळते, पिंप रेंगाळले की एल बिघडते, आणि बिघडलेली एल उरलेल्या गिऱ्हाइकालाही लागरकडे धाडते. या चक्राला एक उत्तर केंटमधील हर्न गावात २००५ मध्ये मिळाले, जेव्हा एका जुन्या खाटकाच्या दुकानात मोजक्या खुर्च्यांचा, लागर आणि संगीत दोन्ही नसलेला पब उघडला. त्या धर्तीवरच्या मायक्रोपबमध्ये दोन-चारच पिंपे असतात, कित्येक ठिकाणी पंपही नसतो, आणि एल थेट पिंपाच्या तोटीतून पेल्यात भरली जाते.